खाली उतरण्याचा हक्क

आमच्या पिढीचे मुंबई-ठाण्यातले फुटबॉलवेडे लीगचा तक्ता खालून वर वाचायचे. पहिला कोण, हे बहुतेक वेळा आधीच कळलेले असे. मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, महिंद्र, एअर इंडिया, यांच्यातलेच कोणीतरी. खरी धाकधूक तळाच्या दोन ओळींत असायची. तिथे कुठल्यातरी बँकेचा नाहीतर रेल्वेचा संघ गटांगळ्या खात असे, आणि त्या संघात आपल्या भाईंदरचा, वसईचा किंवा उत्तनचा एखादा पोरगा बॅक म्हणून उभा असे. हार्वूड लीगचे निकाल पेपरात खेळाच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात, एक-दीड ओळीत यायचे. मग वहीच्या मागच्या पानावर पट्टीने रेघा ओढून घरे पाडायची: सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. जिंकल्याला दोन, बरोबरीला एक. पेन्सिलनेच लिहायचे, कारण दर आठवड्याला खोडावे लागे. त्या पानावर खोडरबर इतके फिरे की पावसाळा सरेपर्यंत कागद मधोमध विरून जायचा.

आता तक्ता खिशात असतो. गोल पडला की डोळ्यांदेखत ओळी वरखाली होतात, कुणाला खोडाखोड करावी लागत नाही. पण इंडियन सुपर लीगचा तक्ता खालून वाचायला बसावे, तर वाचण्यासारखे काही सापडत नाही. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तरी शेवटचा कोणीही येवो, तो पुढच्या हंगामात तिथेच असे. २०१४ साली ही लीग सुरू झाली. तेव्हापासून त्या हंगामापर्यंत एकही संघ मैदानावरच्या निकालामुळे खाली उतरला नव्हता. संघ गेले, नाही असे नाही. पण ते गेले शहर सोडून, नाव बदलून, नाहीतर कायमचे बंद होऊन.

भाईंदरहून सामना बघायला जाणे म्हणजे तेव्हा दिवस घालवणे होते. हाफ डे टाकायचा, दुपारची चर्चगेट गाडी पकडायची, तिथून चालत ओव्हल मैदानाच्या कडेने कूपरेज. हार्वूड लीग म्हणजे पावसाळी फुटबॉल. सामना संपेपर्यंत दोन्ही संघांच्या जर्सी एकाच रंगाच्या झालेल्या असत आणि गोलपुढची जागा म्हणजे निव्वळ राबडी. चेंडू तिथे येऊन रुतला की सात-आठ माणसे त्याच्यावर तुटून पडत, आणि त्यातून बाहेर निघालेला गुडघा पुन्हा पूर्वीसारखा राहीलच याची खात्री नसे. आमच्या ओळखीचा एक चांगला हाफबॅक असाच संपला. त्याच्या गुडघ्याला नेमके काय झाले होते हे कोणी तपासलेच नाही. आयोडेक्स, क्रेप बँडेज आणि वडीलधाऱ्यांचा शेक यांवर त्याने दोन पावसाळे काढले, आणि मग बूट कुणाला तरी देऊन टाकले. स्टँडमध्ये बायका दिसत नसत, कारण बायकांनी यावे अशी तिथे काहीच सोय नव्हती. शिव्या मात्र मुबलक होत्या.

आता मीरा रोडचे आईवडील मुलीला घेऊन अंधेरीला उतरतात, मेट्रोने आझादनगरला जातात, आणि दोन मिनिटांत अंधेरी क्रीडासंकुलाच्या दारात असतात. प्रकाशझोतात हिरवेगार गवत, आखीव पट्टे, जखमी खेळाडूपाशी धावत जाणारा फिजिओ. मुलीच्या अंगावर मुंबई सिटीची निळी जर्सी असते आणि तिला संघातल्या प्रत्येकाचे नाव येते. खेळ तर इतका पुढे गेला आहे की आमच्या काळच्या संघांना यांच्यासमोर पहिली वीस मिनिटेही चेंडू मिळाला नसता. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ हरवून राहुल भेकेने पुन्हा करंडक उचलला. मुंबईचा, मराठी आडनावाचा, मुंबई एफसीकडून आय-लीग खेळलेला कर्णधार. त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फुटबॉलचे ओ की ठो न कळणाऱ्यांनीही फटाक्यांची चित्रे पाठवली. हे सगळे हवेच होते. आमच्या वेळी नव्हते याचे वाईट वाटते.

मग हळहळ कशाची? आम्ही जुने लोक एकत्र बसलो की हा प्रश्न येतोच, आणि पहिले उत्तर ठरलेले असते: नोकऱ्या. तेव्हा फुटबॉलपटू म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला माणूस. सकाळी मस्टरवर सही, दुपारी सरावाला सुटी, खेळ संपला की त्याच टेबलावर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत. सेंट्रल बँक, रेल्वे, बेस्ट, पोर्ट ट्रस्ट, पोलीस, कस्टम्स यांच्या संघांत खेळून कित्येकांनी मीरा रोडला वन-रूम-किचन घेतले, बहिणींची लग्ने केली. आज करार एका हंगामाचा, फार तर दोन-तीन वर्षांचा. वरच्या वीस-पंचवीस जणांना आमच्या स्वप्नात न येणारे पैसे मिळतात, आणि बाकीचे तिशीत येताना कुठल्यातरी अकादमीत लहान मुलांना शंकू मांडून देत असतात. तरीही त्या जुन्या नोकऱ्यांचे गोडवे गाताना आम्ही एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. साहेब बदलला की संघ बदलायचा. एका गिरणीने खेळाचे खातेच गुंडाळले, तेव्हा आमच्या मित्राला ते सूचनाफलकावरच्या कागदावरून कळले होते. ना सभा, ना निरोप. म्हणजे संघ मालकाचा, आणि त्याच्या मर्जीने रातोरात नाहीसा होणारा, ही गोष्ट काही सुपर लीगने आणलेली नाही.

तिचे सगळ्यात मोठे उदाहरण तर त्या जुन्या जगातलेच आहे. महिंद्रचा संघ १९६२ चा. लाल जर्सी, लोक त्यांना जीपवाले म्हणायचे. २००५-०६ मध्ये डेरिक परेराच्या हाताखाली यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाने ती जिंकण्याची ही पहिली वेळ. बॅरेटो, युसुफ याकुबू असे खेळाडू कूपरेजवर बघायला मिळाले. ड्युरँड, फेडरेशन कप, आयएफए शील्ड, सगळे त्यांच्या कपाटात होते. आणि २००९-१० चा हंगाम संपल्यावर कंपनीने शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचे ठरवून संघ बंद केला. खाली गेला म्हणून नव्हे. हरला म्हणूनही नव्हे. एअर इंडियाही तशीच गेली: २०१३ साली क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या होईनात म्हणून आय-लीगमधून बाहेर. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप तर त्याआधीच, २०००-०१ च्या खेपेनंतर थांबला होता. जुने दिवस सोन्याचे होते असे म्हणणाऱ्याने हे तीन शेवट आधी आठवावेत.

पण त्या पडझडीतही एक गोष्ट शाबूत होती, आणि माझी हळहळ तिच्यासाठी आहे. शिडी. मुंबईच्या लीगमध्ये तळाच्या डिव्हिजनला नाव नोंदवलेला गल्लीतला क्लब जिंकत जिंकत वर चढू शकत होता, आणि वरचा मोठा संघ हरत हरत खाली येऊ शकत होता. राष्ट्रीय लीग, जिची पुढे आय-लीग झाली, १९९६ साली सुरू झाली, लवकरच तिच्याखाली दुसरी डिव्हिजन आली, आणि शिडी मुंबईबाहेर निघाली. मुंबई एफसी त्याच शिडीने आली: २००७ मध्ये स्थापना, २००८ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून आय-लीगमध्ये. पिवळी जर्सी, यलो ब्रिगेडचे ढोल, आणि बाकावर वर्षानुवर्षे खालिद जमील. आय-लीगचा करंडक काही त्यांनी जिंकला नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये आम्ही हिशेब घालायचो: उरलेल्या सामन्यांत इतके गुण, समोरच्यांचे इतके, म्हणजे वाचलो. त्या वाचण्याचा आनंद जिंकलेल्यांना कळणार नाही. आठव्या-नवव्या क्रमांकासाठी माणसे उन्हात उभी राहून घसा फोडत होती, कारण त्या क्रमांकाला किंमत होती.

२०१६-१७ मध्ये मुंबई एफसी तळाला गेली. त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये, मुंबई सोडून गेलेल्या खालिद जमीलने ऐझॉलला विजेते केले. त्या संघात जयेश राणेसारखी मुंबईची पोरेही होती. मिझोरमचा हा क्लब आदल्या वर्षी स्वतःच रेलिगेट झाला होता. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला पुन्हा घेतले म्हणून तो तिथे होता. तळाला गेलेला संघ वर्षभरात देशाचा विजेता होतो, हे शिडीवरच घडते. आणि तळाला गेलेली आमची मुंबई एफसी? ती खाली जाऊन दुसऱ्या डिव्हिजनला खेळलीच नाही. बंद झाली. यलो ब्रिगेडचे लोक खालच्या लीगला जायलाही तयार होते. कूपरेजवर तर कूपरेजवर, प्रवासाला ट्रेनचे सेकंड क्लास तर सेकंड क्लास. रेलिगेट होणे वाईट. पण रेलिगेट झालेला संघ असतो तरी. त्याचा पुढचा सामना कुठेतरी ठरलेला असतो.

पुण्याच्या मित्रांचे दुःख आणखी वेगळ्या जातीचे. बालेवाडीत खेळणारा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता; २०१५ मध्ये तो संपला. मग सुपर लीगचा एफसी पुणे सिटी, भगव्या-जांभळ्या रंगाचा, त्याच बालेवाडीत. २०१९ मध्ये ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये करंडक जिंकला, आणि २०२५ मध्ये तिथूनही मुक्काम हलला. आता ती जागा स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने दिल्लीत आहे. दिल्लीचा जुना संघ, डायनामोज, त्याआधीच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झालेला. म्हणजे पुण्याचा हैदराबादला, हैदराबादचा दिल्लीला आणि दिल्लीचा भुवनेश्वरला. पुण्यातल्या ज्या मुलाने २०१४ मध्ये पहिली जर्सी घेतली, तो आज नोकरीला लागला असेल. त्याचा संघ हरला नाही, खाली उतरला नाही. तो फक्त दुसऱ्या गावचा झाला.

विम्बल्डनच्या लोकांवर हीच वेळ आली होती. त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी २००२ मध्ये मिळाली, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला. जवळच्या मोकळ्या माळावर खुली ट्रायल घेतली, आलेल्या पोरांतून संघ निवडला आणि इंग्लिश फुटबॉलच्या पार खालच्या लीगमध्ये नाव घातले. नऊ हंगामांत पाच वेळा वर चढून २०११ मध्ये एएफसी विम्बल्डन फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. जिद्द तर पुण्याच्या लोकांतही आहे. पण विम्बल्डनवाल्यांच्या पायाखाली पायऱ्या होत्या.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये या पायऱ्या कधी बांधल्याच गेल्या नाहीत, आणि सुपर लीगने तोच नमुना उचलला. तिथे खालच्या डिव्हिजनचा ऑस्टिन अझटेक्स हा क्लब २०१० च्या हंगामानंतर उचलून फ्लोरिडात नेला, त्याचे ऑर्लँडो सिटी झाले, आणि पुढे मोठी प्रवेश फी भरून तोच २०१५ मध्ये वरच्या मेजर लीग सॉकरमध्ये दिसला. ऑस्टिनमधल्या ज्यांनी दोन वर्षे त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांना कुणी विचारले नाही. पण आता गंमत उलटी झाली आहे. मार्च २०२५ मध्ये तिथल्या खालच्या डिव्हिजन चालवणाऱ्या यूएसएलच्या मालकांनी आपल्या लीगमध्ये बढती आणि घसरण आणायच्या बाजूने मत दिले. २०२७-२८ च्या सुमाराला ती सुरू करायचा त्यांचा बेत आहे. ज्यांच्याकडे पाहून आपण दार लावले, तेच दार उघडायच्या गोष्टी करताहेत.

आपल्याकडे दार अर्धे उघडले आहे. भाईंदरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. विरार लोकलच्या दारात उभे राहून आतल्यांची मनधरणी करत आमची उमेदीची वर्षे गेली. आत शिरलेला माणूस पुढच्या स्टेशनावरच्याला जागा नाही म्हणून सांगतो, हे आम्ही दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. २०१७-१८ चा आय-लीग विजेता मिनर्व्हा पंजाब, नंतरचा चेन्नई सिटी, मग लागोपाठ दोनदा गोकुळम केरळ, सगळे जिंकले आणि फलाटावर राहिले. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या आराखड्यात ठरले, की २०२२-२३ पासून आय-लीग विजेत्याला प्रवेश फी न भरता वर घ्यायचे आणि पुढे खालच्याला उतरवायचेही. २०२३ मध्ये पंजाब वर आला, २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग. मोहमेडन म्हणजे १९४० मध्ये मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेणारा क्लब! त्याला फलाटावरून आत घेतलेले पाहून आमच्यातल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. पहिल्याच हंगामात तो तेरांत तेरावा आला, आणि उतरवायचा नियम अजून अमलात नसल्याने जागेवरच राहिला. तो वाचला याचा आनंद झाला, पण वाचला कसा, ते मात्र रुचले नाही. एप्रिलमधली ती आकडेमोड करायला कोणाला मिळालीच नाही.

आणि आतल्यांची जागा तरी कुठे पक्की आहे? भारतीय महासंघाने आपले व्यावसायिक हक्क २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी दिले होते. त्या कराराची मुदत संपत आली तशी जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगामच लटकला. विजेत्या क्लबांचे खेळाडूही, आपण कधी खेळणार, हे विचारत बसले. तेव्हा लक्षात आले की खाली जायची वाट बंद केल्याने कोणी सुरक्षित होत नाही. त्याच ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचा प्रशिक्षक झाला. आयुष्यभर खालून वर आलेला, तळाच्या संघांना वाचवत आलेला माणूस.

आमच्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. ग्रामपंचायती जाऊन १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. वाळलेल्या मिठागरांच्या कडेला, खाजणाच्या भेगाळ जमिनीवर आम्ही अनवाणी खेळायचो. पायाचे तळवे मिठाने फुटायचे. सेव्हन-अ-साइडच्या स्पर्धा उन्हाळ्यात, बक्षीस स्टीलचा करंडक आणि चेंडू. आज जाळी लावलेल्या टर्फवर तासाच्या भाड्याने रात्री बारापर्यंत खेळ चालतो. मुलांचा पहिला स्पर्श आमच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण त्यांचा चेंडू उडत नाही आणि त्यांना बघायला जगभरचे फुटबॉल आहे. फक्त तास संपला की शिटी वाजते आणि पुढची पोरे आत येतात. कोण जिंकले याची कुठे नोंद होत नाही, आणि जिंकून कुठे पोहोचायचे असते हेही त्यांना ठाऊक नसते.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका टर्फबाहेर सोसायटीतल्या मुलाने विचारले, “काका, आपल्या टीमला मुंबई सिटीशी खेळायचं असेल तर काय करायचं?” आमची पिढी अशा प्रश्नाची वाटच पाहत असते. त्याला बाकावर बसवून सांगितले. आधी क्लब म्हणून नोंदणी करायची, मग लीगची तळाची डिव्हिजन. ती जिंकत वर. मग राज्य. मग आय-लीग तीन, ती २०२३ मध्येच सुरू झाली. मग आय-लीग दोन. तिथपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातला अंबरनाथचा संघ खेळून आलाय. मग आय-लीग, तिथे मुंबईचा केंकरे २०२१ मध्ये पोहोचला, कूपरेजवर खेळला, आणि २०२२-२३ मध्ये रेलिगेट झाला.

“आणि त्याच्या वर?”

“त्याच्या वर मुंबई सिटी.”

“मग ते हरले तर आपल्याकडे खाली येतील?”

अजून नाही, म्हटले. त्याला ते अन्यायाचे वाटले. आपल्याला एवढ्या पायऱ्या आणि त्यांना एकही नाही, असे तो तावातावाने म्हणाला आणि आम्ही त्याला मुळीच समजावले नाही. नोंदणीचे फॉर्म कधी निघतात, किती खेळाडूंचे जन्मदाखले लागतात, रेफ्रीची फी कोण भरते, एवढे मात्र सांगितले. टीमचे नाव काय ठेवायचे यावर त्यांचे भांडण चालू आहे. मीरा रोड आधी की भाईंदर आधी, हा मुद्दा आहे.